नुसतं भाषांतर केलं की झालं? नाही हो!

सध्या फिरतंय ते म्हणणं असं: "ज्येष्ठांची हालचाल मोजणाऱ्या प्रश्नावल्या परदेशात सिद्ध झाल्यात, मराठीत नीट भाषांतर करा आणि भरून घ्या, परत टेस्टिंग कशाला. आणि एवढीच शंका असेल तर हालचाल मोजणारं घड्याळ बांधा."

पहिलं, भाषांतर. पेस ही १९९३ ची अमेरिकन प्रश्नावली, खास ६५ च्या पुढच्यांसाठी. तिच्यात लॉनचं काम विचारतात, त्यात बर्फ काढणं, लाकडं फोडणं आलं, आणि गुण काढताना या एका प्रश्नाला वजन ३६, म्हणजे सगळ्यात जास्त! आता आमच्या गावच्या आजींना बर्फ विचारा. भाषांतर अगदी चोख, उत्तर शून्य. आणि सारवणं, हंडा आणणं, शेरडं चारणं कुठल्या रकान्यात टाकायचं ते भरून घेणाराच ठरवणार, प्रत्येक जण वेगळं. मी एका आजींना विचारलेलं, व्यायाम करता का? "छे गं, या वयात कसला व्यायाम!" हे बोलताना बाई अंगण सारवत होत्या, हात शेणाने भरलेले.

दुसरं, "सिद्ध झालीये". आयपॅक ही हालचाल मोजणारी दुसरी प्रश्नावली, ती १२ देशांत तपासली हे खरंय, पण आकडे बघा ना. तेच प्रश्न परत विचारले तर उत्तरं साधारण ०.८ ने जुळली (१ म्हणजे तंतोतंत), कमरेला बांधलेल्या हालचाल मोजणाऱ्या यंत्राशी मात्र ०.३ च्या आसपास. म्हणजे माणूस दोन्ही वेळा तेच सांगतो, ते बरोबर असेलच असं नाही. शिवाय ती १५ ते ६९ वयासाठी बनवलेली, आणि सलग १० मिनिटं केलेलंच काम मोजते, आजींचं काम तर सगळं तुकड्यातुकड्यात.

घड्याळाचं म्हणाल तर पाय घासत हळू चालणाऱ्याची पावलं यंत्रातून सुटतात, आणि बसून कणीक मळलेली कमरेच्या यंत्राला दिसतच नाही. ताडून बघायला ठीक आहे, पण काम कुठलं केलं ते यंत्र सांगत नाही.

टेस्टिंग म्हणजे काय हो, मराठी भाषांतर परत मूळ भाषेत आणून मूळाशी ताडायचं आणि मग आठ-दहा ज्येष्ठांना प्रत्येक प्रश्नावर विचारायचं, यातून तुम्हाला काय कळलं? "मध्यम तीव्रता" वाचून एक आजोबा म्हणाले, दुखण्याची का? मग आम्ही लिहिलं, "थोडी धाप लागते पण बोलता येतं". आणि "गेले ७ दिवस" ऐवजी "मागच्या बाजारापासून", तेव्हा कुठे ते बोटांवर दिवस मोजायला लागले.