दुधावरची साय आणि पायाखालचा खडक

भूगोल शिकवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. मुलांना प्लेट टेक्टॉनिक्स (पृथ्वीचा वरचा ताठर थर सरकत्या तुकड्यांचा, म्हणजे प्लेटांचा आहे, हा सिद्धांत) ‘सोपे करून’ सांगण्यासाठी, असे त्यावर लिहिलेले असते. गोषवारा असा: पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र आहे आणि त्यावर खंड दुधावरच्या सायीसारखे तरंगतात. दूध उकळले की साय सरकते, सुरकुतली की हिमालय होतो. भारत दरवर्षी 5 सेंटिमीटर उत्तरेला सरकतो, म्हणून एव्हरेस्टही तेवढेच वाढते. हे सारे जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनरने 1912 सालीच सांगितले होते, पण इतर शास्त्रज्ञांनी मत्सरापोटी त्याला दाबले. आणि शेवटी दिलासा: महाराष्ट्र प्लेटच्या मधोमध आहे, आपल्याला भूकंपाची भीती नाही.

साय मुलांना चटकन कळते, हे मान्य. पण या मजकुरातल्या बहुतेक चुका त्या सायीतूनच निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

लाव्हाचा समुद्र. असा समुद्र नाही. भूकवचाखाली साधारण 2900 किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण आहे आणि ते जवळजवळ सगळे घन खडकाचे आहे. खाली कोणी जाऊन आलेले नाही, मग हे कळले कसे? भूकंपाच्या लहरींवरून. प्राथमिक लहरी खडक दाबत-सोडत पुढे जातात, त्या द्रवातूनही जातात. दुय्यम लहरी खडकाला आडवे हलवत जातात, आणि द्रव अशा आडव्या ओढीला दाद देत नाही, त्यामुळे द्रवात त्या विरतात. प्रावरणातून मात्र या दुय्यम लहरी व्यवस्थित आरपार जातात. अडतात त्या 2900 किलोमीटरांखाली, वितळलेल्या लोखंडाच्या बाह्यगाभ्याशी.

या लहरी नोंदींमध्ये वेगवेगळ्या ओळखणारा रिचर्ड ओल्डहॅम हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला अधिकारी. 12 जून 1897 च्या आसामच्या मोठ्या भूकंपाच्या अभ्यासातून त्याने हे काढले, आणि 1906 मध्ये याच मार्गाने पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. सायीपेक्षा ही गोष्ट मुलांना जास्त आवडेल असे मला वाटते. निदान तिच्यात पुरावा तरी आहे.

मग घन खडकावर प्लेट सरकते कशी? घन असूनही वाहता येते, हे आपण हिमनदीच्या धड्यात शिकवतोच. प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली प्रावरणाचा खडकही वर्षाला काही सेंटिमीटर अशा गतीने वाहतो. त्याच्यावरचा साधारण शंभर किलोमीटर जाडीचा, थंड आणि ताठर थर म्हणजे प्लेट. लाव्हा येतो तो कुठल्या साठलेल्या समुद्रातून नाही. तप्त खडक वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि त्याचा थोडा भाग वितळतो. किंवा खाली जाणाऱ्या प्लेटमधले पाणी वरच्या खडकात शिरते आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणते. सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला, तोही पहिल्याच रीतीने.

‘उकळी प्लेटला ढकलते’ हा पुढचा मुद्दा. खालच्या प्रवाहांचा काही वाटा आहे, पण सर्वांत मोठे बळ बहुधा प्लेटच्या स्वतःच्या वजनाचे. जुना, थंड झालेला सागरतळ जड होऊन गर्तेपाशी, म्हणजे समुद्रतळावरच्या खोल चरापाशी, प्रावरणात बुडतो आणि मागची प्लेट ओढत नेतो. पॅसिफिक प्लेटच्या कडेला अशा लांबलचक गर्ता आहेत, ती वेगाने सरकते. युरेशियाला तशी ओढ फारशी नाही, ती रेंगाळते.

एव्हरेस्टची वाढ. 5 सेंटिमीटर ही आडवी गती आहे, उभी नव्हे. त्यातलेही सुमारे 2 सेंटिमीटरच हिमालयात सामावतात, बाकीचे तिबेट आणि त्यापलीकडे. शिखराची वाढ वर्षाला काही मिलिमीटर. मजकुराचा हिशेब खरा मानला तर 10 लाख वर्षांत एव्हरेस्ट 50 किलोमीटर चढायला हवे! हा गुणाकार वर्गात मुलांकडूनच करून घ्यावा.

वेगेनर. त्याने ‘प्लेट’ सांगितल्याच नाहीत. खंड सागरतळातून वाट काढत सरकतात, असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यासाठी त्याने सुचवलेली बळे फारच तोकडी होती. ब्रिटिश भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरोल्ड जेफ्रीज यांनी नेमके तेच दाखवले. इतक्या कठीण खडकातून खंड जाणार कसे, हा रास्त प्रश्न होता. खाली खरोखर लाव्हा असता तर हा आक्षेप कोणी घेतलाच नसता. म्हणजे मजकुराचा पहिला मुद्दा त्याच्याच पुढच्या मुद्द्याला खोडतो. उत्तर सापडले 1960 च्या दशकात, सागरतळच नव्याने तयार होतो आणि सरकतो हे हेस, व्हाइन आणि मॅथ्यूज या भूशास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आले तेव्हा. वेगेनर 1930 मध्येच ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावला होता.

महाराष्ट्र सुरक्षित. हा मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, 3 वाजून 56 मिनिटे: किल्लारीला 6.2 तीव्रतेचा धक्का. हजारो माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली झोपेतच गेली, 52 गावे दुसऱ्या जागी वसवावी लागली. त्याआधी 11 डिसेंबर 1967 ला कोयना. दोन्ही ठिकाणे प्लेटच्या कडेपासून शेकडो किलोमीटर आत.

प्लेट सायीसारखी मऊ असती तर हिमालयातला रेटा तिथेच सुरकुत्यांत जिरला असता. ती ताठर आहे, म्हणून तो ताण दख्खनपर्यंत पोहोचतो आणि जिथे खडकात जुनी कमकुवत जागा आहे तिथे मोकळा होतो. कोयनेला त्यात धरणाच्या पाण्याची भर पडली. पाणी भेगांत झिरपते, आतला दाब वाढवते आणि आधीच ताणलेला खडक घसरायला निमित्त मिळते. तिथे लहान धक्के आजही बसतात.

1993 पूर्वीच्या देशाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे पहिल्या क्रमांकात होती. 2002 साली नकाशा सुधारला तेव्हा तो पहिला पट्टा सबंध देशातूनच काढून टाकला.