बरणीचे झाकण मेणाने बंद करू नका: ‘२१ दिवसांत घरगुती वाइन’ या संदेशाला उत्तर

द्राक्षाचा हंगाम भरात आला की नाशिकमध्ये घरोघरी एखादा क्रेट येऊन पडतो. कोणाचा मेहुणा दिंडोरीचा असतो, कोणाचा मामा निफाडचा, आणि निर्यातीच्या प्रतवारीत न बसलेला माल शेवटी नातेवाइकांकडेच जातो. नेमक्या याच दिवसांत ‘नाशिककरांनो, बाजारातली महागडी वाइन कशाला? घरच्या घरी २१ दिवसांत करा’ असा एक लांबलचक संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतो. यंदा तो माझ्या थोरल्या बहिणीपर्यंत पोहोचला. ताईने तो मला पाठवून ‘हे बरोबर आहे ना रे?’ असे विचारले खरे, पण विचारण्याआधीच बरणी भरून, झाकणाला मेण लावून माळ्यावर चढवलीही होती. वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेला भाऊ गावातच असताना तिने या निनावी संदेशावर विश्वास ठेवला, याचा राग पुढच्या मजकुरात डोकावला तर वाचकांनी समजून घ्यावे.

संदेशाचा सारांश असा. एक किलो न धुतलेली द्राक्षे, एक किलो साखर, एक लिटर पाणी, मूठभर गहू आणि चमचाभर बेकरीचे यीस्ट बरणीत घालावे. झाकण मेणाने हवाबंद करून बरणी उबदार जागी ठेवावी आणि २१ दिवस अजिबात उघडू नये. तयार झालेली वाइन चमच्यात घेऊन पेटवावी. निळी ज्योत आली तर ती शुद्ध आणि पिवळी आली तर विषारी. सरकारने वाइन दारूतून वगळली असल्यामुळे परवान्याची गरज नाही, द्राक्षाऐवजी दुसरे फळ घेतले तर मुळीच नाही. आणि रोज लहान पेला घेतल्यास हृदय बळकट होते व मधुमेह ताब्यात राहतो.

यातली सर्वांत घातक गोष्ट झाकणाची आहे, म्हणून आधी तीच घेतो. यीस्ट साखर खाते तेव्हा अल्कोहोल तयार होते आणि जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर नेहमीच्या तापमानाला पाव लिटरहून थोडा अधिक वायू सुटतो. म्हणजे संदेशातल्या किलोभर साखरेपैकी फक्त १०० ग्रॅम आंबली तरी २५ लिटरहून जास्त वायू पाच लिटरच्या बरणीत, तोही अर्धी बरणी आधीच भरलेली असताना, कोंबला जातो. शॅम्पेन ज्या पद्धतीने करतात तिच्यात बाटली बंद करण्यापूर्वी दर लिटरला सुमारे २४ ग्रॅम साखर मोजून घालतात आणि तेवढ्यावर आत सुमारे सहा वातावरणांचा, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त, दाब तयार होतो. तो पेलण्यासाठी त्या बाटलीची काच मुद्दाम जाड घेतलेली असते, आणि बूच तारेने जखडलेले असते. लोणच्याच्या बरणीची काच असला कोणताही दाब सोसण्यासाठी केलेली नसते. ताईकडे गेलो तेव्हा झाकणाचा पत्रा मधोमध फुगून वर आला होता आणि मेणाच्या कडेने जांभळट फेसाची एक बारीक रेघ सतत बुडबुडत होती. मेण नीट चिकटले नव्हते म्हणून वायूला वाट मिळाली आणि काच वाचली. संदेशात सांगितल्याप्रमाणे काम चोख झाले असते, तर ती बरणी माळ्यावर फुटली असती, आणि माळ्याखालीच घरातल्या मुलांची अभ्यासाची जागा आहे.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावे लागेल. आंबणे जवळजवळ पुरे झाल्यावर वाइनला हवा लागू देत नाहीत, कारण हवा मिळाली की ॲसेटिक ॲसिड तयार करणारे जिवाणू अल्कोहोलचे व्हिनेगर करून टाकतात. संदेश लिहिणाऱ्याने हे कुठेतरी ऐकले असावे आणि ‘हवा आत येऊ नये’ याचा अर्थ ‘काहीच बाहेर जाऊ नये’ असा लावला असावा. जगभरचे हौशी लोक यासाठी पाणी भरलेली एक लहान वाकडी नळी, म्हणजे एअरलॉक वापरतात; तिच्यातून आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. सुरुवातीच्या दिवसांत तर वर तरंगणारा सालींचा थर रोज खाली दाबावा लागतो, नाहीतर तो सुकतो आणि त्यावर बुरशी धरते. ‘२१ दिवस उघडू नये’ ही सूचना नेमकी याच्या उलट आहे.

‘उबदार जागी ठेवा’ हेही थंड देशातून उचललेले दिसते. मार्च-एप्रिलच्या नाशिकमध्ये दुपारी पारा पस्तिशी ओलांडतो, पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या माळ्यावर तर त्याहून पुढे जातो. आंबताना रस स्वतःही तापतो, त्यामुळे पस्तीस अंशांच्या पुढे यीस्ट थकून मरू लागते आणि नको ते जिवाणू फोफावतात. गंगापूर धरणाकाठच्या किंवा विंचूरच्या वायनरींमध्ये टाक्यांना गार पाण्याचे वेष्टन असते ते काही दिखाव्यासाठी नसते.

आता ज्योतीची परीक्षा. संदेशातला हा भाग वाचून मला आधी हसू आले आणि नंतर धास्ती वाटली. साधारण १२ टक्के अल्कोहोल असलेली वाइन चमच्यात घेऊन काडी लावली तर ती पेटतच नाही, कारण त्यात बहुतांश पाणी असते. ती तापवून वाफ काढली तरच क्षणभर ज्योत दिसते, आणि ती निळसरच असते. मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची ज्योतही निळसरच असते, इतकी फिकट की उजेडात दिसतही नाही. म्हणजे विष असो वा नसो, रंगावरून काहीच कळत नाही, आणि जे पिवळे दिसते ते बहुधा साखर किंवा क्षार जळल्यामुळे दिसते. मिथेनॉल किती आहे हे कळण्यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी करावी लागते. त्याला काडेपेटीचा पर्याय नाही.

मिथेनॉलची भीती तरी कितपत खरी आहे? फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो, त्याचे विघटन होताना थोडे मिथेनॉल सुटते, हे खरे आहे. पेरू किंवा सफरचंदासारख्या पेक्टिन जास्त असलेल्या फळांत ते काहीसे अधिक सुटते. परंतु आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेने लाल वाइनसाठी ठरवलेली कमाल मर्यादा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे. दहा मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलने दृष्टी जाऊ शकते असे मानतात, आणि तेवढे मिथेनॉल या मर्यादेवरच्या वाइनमधून मिळवायचे तर वीस लिटरच्या आसपास वाइन प्यावी लागेल. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसे मेली ती द्राक्षे आंबवून नव्हे, तर दारू म्हणून विकल्या गेलेल्या मिथेनॉलमुळे. धोका तिथेच आहे. घरच्या बरणीवर ही परीक्षा ‘यशस्वी’ झाल्याचा समज एकदा झाला की तोच माणूस उद्या कोठून तरी आणलेल्या बिनलेबलच्या बाटलीवरही ती करून पाहील, निळी ज्योत दिसली म्हणून निर्धास्त होईल, आणि मग पस्तावायलाही शिल्लक राहणार नाही. ज्योतीच्या परीक्षेचे हे एक वाक्य पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने या शक्यतेचा विचार करायला हवा होता.

कायद्याबद्दलचे विधान संदेशात सर्वांत ठासून केलेले आहे आणि ते धडधडीत चुकीचे आहे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटसारख्या मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, त्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि त्या गदारोळात ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य इतक्या वेळा कानांवर पडले की लोकांना तो कायदाच वाटू लागला. तो निर्णय विक्रीच्या जागेविषयी होता, वाइन कोणी करावी याविषयी नव्हता. महाराष्ट्रात आजही १९४९ चा दारूबंदी अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम २(२४) मध्ये मद्याची व्याख्या आहे आणि तिच्यात स्पिरिट, बिअर, ताडी यांच्या बरोबरीने वाइनचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. इतकेच नव्हे, तर अल्कोहोल असलेला प्रत्येक द्रव त्या व्याख्येत येतो. कलम १२ परवान्याशिवाय मद्य तयार करण्यास मनाई करते. कलम ६५ नुसार ते तयार करणे हा तुरुंगवास आणि दंडास पात्र गुन्हा आहे, आणि त्यासाठी साहित्य व भांडी बाळगणेही त्याच कलमात येते. यात ‘विक्रीसाठी’ अशी अट नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बालसरा खटल्यात या कायद्याच्या काही तरतुदी रद्द केल्या, पण मद्याची ही व्यापक व्याख्या कायम ठेवली. ज्या राज्यात वाइन पिण्यासाठीही वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि कागदोपत्री परवाना लागतो, तिथे ती करण्यासाठी काहीच लागत नाही, असे कोणाला वाटावे हेच नवल आहे.

‘दुसऱ्या फळाची केली तर चालते’ या म्हणण्याचे उत्तरही त्याच व्याख्येत आहे. ती फळ विचारत नाही. सटाण्याचे डाळिंब, सुरगाण्याची स्ट्रॉबेरी, जांभूळ, करवंद, काहीही आंबवून अल्कोहोल झाले की ते मद्य ठरते. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, विंचूरला वाइन पार्क उभे राहिले, करसवलती मिळाल्या, हे सारे खरे आहे आणि नाशिकला त्याचा अभिमानही आहे. पण त्या सवलती राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना घेणाऱ्या उद्योगांसाठी होत्या, ताईच्या माळ्यासाठी नव्हत्या. वसईकडच्या ख्रिस्ती कुटुंबांत नाताळला घरी वाइन करण्याची जुनी चाल आहे, हा दाखला मला लगेच दिला गेला. चाल आहे, नाकारत नाही. एका बरणीसाठी कोणी दारावर येणार नाही, असे म्हणणे वेगळे आणि ती बरणी कायदेशीर आहे असे म्हणणे वेगळे.

कृतीतले प्रमाणही हिशेबात बसत नाही. खायच्या थॉमसन किंवा सोनाका द्राक्षात साधारण १८ ब्रिक्स गोडी, म्हणजे शंभर ग्रॅम रसात १८ ग्रॅम साखर, धरली तर किलोभर द्राक्षांच्या रसातून दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर येते. त्यात किलोभर साखर आणि लिटरभर पाणी मिसळले की सव्वादोन-अडीच लिटर द्रव होतो आणि लिटरला जवळपास ५०० ग्रॅम साखर पडते. एक टक्का अल्कोहोल होण्यासाठी लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखर लागते, म्हणजे १२ टक्क्यांना सुमारे २०० ग्रॅम पुरते, आणि बेकरीचे यीस्ट तिथवरही जेमतेमच पोहोचते. लिटरमागे उरलेली ३०० ग्रॅम साखर तशीच राहते. स्ट्रॉबेरीसारख्या कमी गोडीच्या फळाला वरून साखर घालावी लागते हे खरे असले, तरी ती ब्रिक्स मोजून घालायची असते. आपल्याकडे बागेत ब्रिक्समीटर खिशात घेऊन फिरणारे शेतकरी घरी मात्र वाटीने माप घेतात, हे पाहून गंमत वाटते. जास्त यीस्ट घातल्याने वाइन कडक होत नाही, आणि मूठभर गव्हाने ती फक्त गढूळ होते, कारण यीस्टला पिष्ट पचत नाही.

याच उरलेल्या साखरेमुळे मधुमेहाचा दावा संतापजनक ठरतो. अशा ‘वाइन’च्या १०० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असेल. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची साखर अल्कोहोलमुळे नंतर धोकादायकरीत्या उतरूही शकते. हृदयाचे म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. आनंदासाठी प्यायची असेल त्याने प्यावी. औषध म्हणून सांगू नये.

द्राक्षे न धुण्याच्या सल्ल्यात तथ्याचा अंश आहे. सालीवर रानटी यीस्ट असते आणि युरोपातल्या काही वायनरी त्याच्याच भरवशावर वाइन करतात. पण मण्यांवरची पांढुरकी झाक म्हणजे यीस्ट नव्हे, ते नैसर्गिक मेण असते. आणि आपल्या बागांत भुरी रोगासाठी गंधकाची, डावणी रोगासाठी बुरशीनाशकांची फवारणी झालेली असते. सालीवर राहिलेल्या गंधकापासून यीस्ट हायड्रोजन सल्फाइड तयार करते आणि बरणीतून सडक्या अंड्याचा वास येऊ लागतो. ताईच्या बरणीलाही तो होता, आणि तिने तो ‘मुरल्याचा वास’ समजला होता.

ज्यांच्या घरी अशी बरणी आधीच बंद करून ठेवलेली आहे, त्यांनी ती हलवू किंवा आपटू नये आणि मुलांना लांब ठेवावे. बरणीवर जाड ओला टॉवेल गुंडाळावा, चेहरा बाजूला ठेवावा, शक्यतो चष्मा घालावा, आणि झाकण एकदम न काढता किंचित सैल करून वायू हळूहळू जाऊ द्यावा. फुसफुस थांबेपर्यंत ते पुरते उघडू नये. झाकण फार फुगलेले दिसत असेल तर बरणीला हात न लावता प्रथम काही तास त्या खोलीचे दार बंद ठेवावे आणि रात्री गारवा आल्यावर हे काम करावे, कारण थंड द्रवात वायू अधिक विरघळतो आणि दाब थोडा उतरतो. द्रव भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडावा आणि चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात टाकावा.