खंजेरी कुठं गेली, राजेहो?

भजन मंडळाच्या ग्रुपवर आज एक फाईल पडली. गेल्या साली वारलेल्या आपल्या बुवांचं खंजेरी भजन, म्हणे 'एकदम क्लिअर करून'. काय क्लिअर? थाप पडायच्या आधीच फुसकारा येतो आन् झांजा पाण्यात बुडवल्यावानी वाजतात. तुकडोजी महाराजांनी ज्या खंजेरीवर गावंच्या गावं जागवली, तिचे हे हाल!

मूळ वेव्ह फाईल होती, म्हणजे काटछाट न करता आवाज जसाच्या तसा ठेवणारी. जागा वाचवायला कोणी एमपीथ्री केली, दुसऱ्यानं खोकला कापून पुन्हा एमपीथ्री, तिसऱ्यानं आवाज वाढवून पुन्हा. एमपीथ्री दर सेव्हला नव्यानं काटछाट करते आन् झांजेसारखा बारीक, तीक्ष्ण आवाज आधी मरतो. मग १२८ केबीपीएसची (सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) ३२० केली तरी फाईल फक्त फुगते.

काहून एवढी कंजुषी? ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी. तासभराचं भजन ६०० च्या वर थोडं. लग्नाचे व्हिडिओ ठेवायला जागा असते न? तेही जड वाटलं तर फ्लॅक करा, फाईल लहान होते पण आवाजाचा कणही जात नाही.

बरं, मोबाइलसाठी एमपीथ्री लागते, मान्य. पण ती शेवटी, एकदाच, मूळ वेव्हवरून.

आन् तो नॉइज रिडक्शन, म्हणजे मागची घरघर कमी करणं! ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये, भजन नसून नुसत्या पंख्याचा आवाज आहे असा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून प्रोफाइल घ्या, मग पूर्ण ट्रॅक निवडा. रिडक्शन ६ ते ८ डीबी (डेसिबल), बस. आधी 'रेसिड्यू' लावून प्रिव्ह्यू ऐका, काय फेकलं जातंय ते कळते. त्यात खंजेरीची थाप ऐकू आली तर आकडा अजून खाली आणा. नंतर 'रिड्यूस'वर परत यायला विसरू नका, नाहीतर कचराच सेव्ह होईल. नॉर्मलाइज, म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाची पातळी ठरवणं, सगळ्यात शेवटी, उणे १ डीबी. रेकॉर्डिंगलाच माइकवर आवाज फाटला असेल, तर आवाज कमी करून ते फाटलेपण जात नाही.

एडिट करणाऱ्या पोरावर राग नाही, बावा. बुवांसाठी रात्र जागला असेल. एमपीथ्रीच हाती असेल तर एमपीथ्री डायरेक्टकट या सॉफ्टवेअरमध्ये काप, ते पुन्हा एन्कोड करत नाही, म्हणजे नव्यानं काटछाट होत नाही.

बुवांच्या रेकॉर्डिंगचं मूळ कार्ड ज्याच्याकडं असेल त्यानं फॉरमॅट मारू नका. वेव्ह फाईल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणूनच टाका. मोठी असल्यानं नाही गेली तर पेनड्राइव्ह घेऊन मीच येतो.