लाइफ जॅकेटला कुलूप लावणाऱ्यांनी हे जरूर वाचावं

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या स्टोअररूमचं कुलूप तोडावं लागलं. किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी लेकीकडे पुण्याला, आणि दुसरी किल्ली कुणाकडे आहे ते कमिटीतल्या एकालाही सांगता येईना. पावसाळा तोंडावर आलाय म्हणून २०२४ च्या पुरानंतर घरटी वर्गणी काढून घेतलेली लाइफ जॅकेटं आणि रबरी बोट एकदा बघून घेऊ, एवढाच हेतू होता.

आत काय, तर गणपतीच्या मांडवाचे पडदे, गरब्याचे स्पीकर, रंगाचे अर्धे डबे, कुणाचा तरी मोडका कूलर. आणि या सगळ्याच्या खाली दबलेली जॅकेटं. उंदरांनी पट्टे कुरतडलेत, फोम चेपून पापड झालाय, वास इतका की नाकाला पदर लावावा लागला. बोट गेल्या वेळी ओलीच घडी करून ठेवलेली, त्यामुळे घडीच्या जागी चिरा गेल्यात आणि जोड सुटलेत. पायाचा पंप सापडला, पण त्याचं पुढचं तोंड गायब. आणि ही खोली आहे कुठे? तळमजल्यावर, जिन्याखाली. पुराचं पाणी जिथे सगळ्यात आधी शिरतं तिथे!

मला राग आवरत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

बडोद्यातल्या माणसाला पूर म्हणजे काय ते सांगायला नको. २६ ऑगस्ट २०२४, जन्माष्टमी. आमच्याकडे सुंठवडा करून ठेवलेला, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. दुसऱ्या दिवशी विश्वामित्री पात्र सोडून कारेलीबागेत, समामध्ये, अकोट्यात, फतेगंजात शिरली. काळा घोडा पुलापाशी पाणी ३५ फुटांच्या पुढे गेलं होतं. वीज नाही, फोनची बॅटरी संपत आलेली, खाली पार्किंगमध्ये गाड्या तरंगत होत्या. सासूबाईंना तर दम्याचा त्रास.

मग एनडीआरएफची बोट आली. त्यातल्या एका जवानाने माझ्या मुलाला जॅकेट घातलं, बक्कल लावलं आणि दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून बघितलं. ते थेट पोराच्या कानापर्यंत आलं. "ये नहीं चलेगा," एवढंच म्हणाला. मान वळवूनसुद्धा बघितलं नाही त्याने, हात मागे घातला आणि लहान मापाचं जॅकेट काढलं. दोन पायांमधून पट्टा घेतला, आवळला, पुन्हा खांद्याला धरून ओढलं. जागचं हललं नाही, तेव्हाच पोराला उचलून बोटीत ठेवलं. वरच्या मजल्यांवरून लोक ओरडत होते, "जल्दी करो, जल्दी करो." त्याने घाई केली नाही.

तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. न बघता मागे गेलेला हात, आणि जे हवं ते हाताला लागलं. त्याला माहीत होतं कुठे काय ठेवलंय. मोठ्यांची एका बाजूला, लहानांची दुसऱ्या बाजूला, वर काहीही रचलेलं नाही. आणि आमचं सामान कूलरखाली!

कमिटीतल्या एका काकांनी आज ऐकवलं, "अहो ताई, विश्वामित्रीत मगरी आहेत, जॅकेट घालून मगरीपुढे काय करणार?" मान्य. मगरीपुढे काही करता येत नाही. पण म्हणून पोराला बुडू द्यायचं का? दुसरे म्हणाले, "बाहेर ठेवली तर चोरीला जातील." तेही खरं, जातात. मग जाऊ देत. एखादं गेलं तर दुसरं आणू. कुलपाआड ठेवून उंदरांच्या पोटात घालण्यापेक्षा कुणाच्या तरी घरी धड राहिलेलं मला चालेल.

माझा मामेभाऊ मर्चंट नेव्हीत आहे. सुट्टीवर आला की मी त्याला खोदून खोदून विचारते. जहाजावर लाइफ राफ्ट, म्हणजे जीव वाचवायचा फुगणारा तराफा, पांढऱ्या फायबरच्या डब्यात बंद असते, पण डबा डेकवर उघड्यावर, रेलिंगजवळ. त्याला कुलूप नसतं, पट्टा असतो, आणि पट्ट्याला एक छोटं यंत्र. जहाज बुडालंच आणि डबा सोडायला कुणी उरलंच नाही, तरी चार मीटर पाण्याखाली जायच्या आत ते यंत्र पाण्याच्या दाबाने आपोआप पट्टा सोडतं आणि राफ्ट वर येऊन फुगते. ती राफ्ट दरवर्षी किनाऱ्यावर नेऊन उघडतात, फुगवतात, तपासतात, परत भरतात. जॅकेटं कुठे ठेवलीत त्याची खूण भिंतीवर असते. प्रवासी जहाज असेल तर प्रवाशांच्या निदान दहा टक्के जॅकेटं लहान मुलांच्या मापाची ठेवावी लागतात, आणि मुलं जास्त असतील तर प्रत्येकाला एक. शिवाय महिन्याला कवायत. म्हणजे ठेवणं हेसुद्धा काम आहे, त्याला माणूस नेमलेला आहे, वहीत सही आहे. आपल्याकडे बिल फाडलं, व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, टाळ्यांचे इमोजी आले, विषय संपला.

आणि जहाजावर सगळं आलबेल असतं असंही नाही. २०१४ मध्ये दक्षिण कोरियाची सेवोल ही फेरी बुडाली. तीनशेच्या वर माणसं गेली, त्यातली बहुतेक शाळेच्या सहलीला निघालेली मुलं. डेकवर राफ्टचे डबे रांगेने लावलेले होते, पण कामाला आल्या त्या अगदी मोजक्या राफ्ट. दिसायला सगळं जागच्या जागी होतं.

शाळेची सहल म्हटलं की बडोद्यातल्या कुणाच्या मनात काय येतं ते मी लिहायची गरज नाही, तरी लिहिते. १८ जानेवारी २०२४, हरणी तलाव. सहलीची बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका बुडून गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं बसवलेली, सगळ्यांच्या अंगात जॅकेटं नव्हती. त्याच्या आधी १९९३ साली इथल्याच सुरसागर तलावात नाव उलटून २२ माणसं गेली होती. आमच्या आई-बाबांच्या पिढीला ते आजही आठवतं. हरणीनंतर आपण सगळे मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो. मीही होते. तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं, "निदान जॅकेटं तरी घालायची होती मुलांना." अरे, मग आता? सात-आठ महिन्यांत पूर आला, आपण धडा घेतला, पैसे काढले, जॅकेटं आणली, आणि नेऊन कोंडली. ज्या मुलांसाठी आणली त्यांच्या मापाचं त्यात एकही नाही, हेही आजच कळलं. सगळी मोठ्यांची. माझ्या पोराच्या कानापर्यंत आलं होतं तसलीच.

इथे जरा थांबले होते, चहा घेतला. राग थोडा उतरला, कारण एक गोष्ट सांगायची राहिली.

आमचे वॉचमनदादा. जॅकेटं आली त्या दिवशी त्यांनी कमिटीला सांगून एक स्वतःच्या केबिनमध्ये नेलं होतं. आज मी बघायला गेले. दाराच्या वर, माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर खिळा ठोकलाय, त्याला टांगलेलं. ऊन लागत नाही, वारा लागतो. फोम दाबला तर लगेच परत फुगतो. पट्टे धड, बक्कल खटकन बसतं, शिट्टी दोऱ्याला बांधलेली. मी विचारलं, असं का टांगलंत? म्हणाले, "रात को लाइट नहीं रहेगी तो ढूँढूँगा कहाँ?" गावाकडे गंगेला पूर येतो त्यांच्या, त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. सगळ्या सोसायटीत वापरता येईल असं हे एकच जॅकेट उरलंय. मी तिथे उभी राहून त्यांना हात जोडले, खरंच जोडले.

तेव्हा कमिटीला मी आता विचारत नाहीये, सांगतेय. आम्ही चार-पाच घरांनी मिळून ठरवलंय. पहिल्या मजल्याच्या जिन्याच्या चौकात भिंतीला लाकडी दांडी लावायची, त्यावर जॅकेटं टांगायची. एकावर एक रचायची नाहीत, उशाला घ्यायची नाहीत, गच्चीवर कडक उन्हात वाळत टाकायची नाहीत, कारण उन्हाने कापड आणि पट्टे कुजतात. वापरली की सावलीत पूर्ण सुकवूनच परत जागेवर. दांडीच्या वर चमकणारी पट्टी, म्हणजे टॉर्च मारला की दिसेल. नवी बोट घ्यावीच लागेल. ती कोरडी करून, सैल गुंडाळून दुसऱ्या मजल्याच्या लॉबीत राहील, पंप आणि त्याचं तोंड तिलाच बांधून. रंगाचे आणि थिनरचे डबे तिच्या आसपाससुद्धा नकोत. लॉबीत बूट-चपलांची कपाटं ठेवणाऱ्यांना अडचण होईल, हे मला कळतं. त्यांनी कपाटं घरात घ्यावीत.

मोठ्यांच्या जॅकेटांच्या वर्गणीचं नंतर बघू, आधी मुलांची जॅकेटं. ती वयावर घ्यायची नसतात, वजनावर घ्यायची असतात: १५ किलोच्या आतलं बाळ वेगळं, १५ ते ४३ किलोपर्यंतचं मूल वेगळं, त्यापुढे मोठ्यांचं माप. रविवारी सकाळी दहाला सुतार येतोय, मी वजनकाटा घेऊन खाली बसणार आहे. ए विंग, बी विंग, ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी मुलांना घेऊनच या. आणि भाड्याने राहणाऱ्यांनीही या, तुम्ही वर्गणी दिली की नाही हे कुणी विचारणार नाही.