पंधरा किलोमीटर आणि दहा वर्षे, एकाच सेन्सरमध्ये?

शेतकऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक दावा जोरात फिरतोय: जमिनीची ओल मोजणारा लोरा सेन्सर घ्या, रेंज १५ किलोमीटर, बॅटरी १० वर्षे, सिम नको, इंटरनेट नको, लायसन्स नको, मोबाइलवरून व्हॉल्व्हही उघडा. लोरा हे कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारं रेडिओ तंत्र खरंच चांगलं आहे, म्हणूनच हा दावा खोडून काढायला हवा. एकदा पैसे बुडाले की शेतकरी पुन्हा सेन्सरकडे वळत नाही.

रेंजचा आकडा हवेतला नाही. २०१७ साली फुग्यावरच्या लोरा यंत्राचा सिग्नल ७०२ किलोमीटरवर पकडला गेला. पण तो फुगा आभाळात होता, मध्ये आडवं काही नव्हतं. आपला सेन्सर असतो जमिनीलगत, पुरुषभर उसात. ओली पानं सिग्नल पितात आणि मध्ये टेकाड आलं की विषयच संपला.

खरी गोम बॅटरीत आहे. लांब पोचायचं तर लोरा संदेश सावकाश पाठवतो. लोरावॅनवर, म्हणजे लोरा यंत्रांच्या ठरलेल्या जाळ्यावर, १० बाइटच्या माहितीला स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती सावकाश पाठवायचा ते ठरवणारा आकडा) ७ वर साधारण ६२ मिलिसेकंद लागतात, १२ वर जवळपास दीड सेकंद. म्हणजे २४ पट वेळ रेडिओ चालू. एसएक्स१२७६ ही लोराची रेडिओ चिप पूर्ण ताकदीने पाठवताना १२० मिलिअँपिअर खाते. दर १५ मिनिटांनी संदेश धरला, तर फॅक्टर १२ वर सरासरी २०० मायक्रोअँपिअर एकट्या रेडिओला जातात आणि २,४०० मिलिअँपिअर-तासांचा सेल दीड वर्षही काढत नाही. फॅक्टर ७ वर हीच सरासरी ८ मायक्रोअँपिअर. तिथे दहा वर्षांची गोष्ट करता येते, पण गेटवे, म्हणजे सेन्सरचे संदेश पकडून पुढे पाठवणारं यंत्र, जवळ असेल तरच. शिवाय ओल मोजणाऱ्या प्रोबचा खर्च वेगळा. माझं मत विचाराल तर ओल तासाने एकदा कळली तरी भरपूर झालं. तेवढ्यानेच रेडिओचा खर्च चौथ्या हिश्श्यावर येतो.

सिम सेन्सरला लागत नाही, हे बरोबर. पण घरबसल्या मोबाइलवर आकडे पाहायचे तर गेटवेला इंटरनेट लागतंच, आणि वीजही. लाइट गेली की सगळे सेन्सर एकदम मुके.

लायसन्स लागत नाही, हेही खरं, पण आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्येच. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी ९१५ची मॉड्यूल्स त्यात बसत नाहीत. युरोपच्या सेटिंगमधली नेहमीची चॅनेलं ८६८.१पासून सुरू होतात, तीही बाहेरच. खोक्यावर ‘आयएन८६५’, म्हणजे भारताची सेटिंग, आहे का ते बघा.

राहिला व्हॉल्व्ह. बॅटरीवरचा सेन्सर बहुधा ‘क्लास ए’चा असतो. तो स्वतः संदेश पाठवल्यावर क्षणभरच ऐकतो, मग झोपतो. तासाने बोलणाऱ्या यंत्राला ‘व्हॉल्व्ह बंद कर’ म्हटलं, तर हुकूम तासभर पडून राहील आणि तोवर पाणी शेजाऱ्याच्या बांधापलीकडे गेलेलं असेल. लगेच ऐकणारं ‘क्लास सी’ यंत्र हवं असेल तर त्याचा रेडिओ सतत जागा असतो, त्यामुळे सोलर पॅनल किंवा लाइनची वीज धरूनच किंमत विचारा. आणि विक्रेत्याला सांगा, चाचणी तोडणीनंतरच्या मोकळ्या रानात नको, उभ्या उसात करून दाखवा, संदेश कोणत्या फॅक्टरवर पोचतोय ते गेटवेच्या नोंदीत दाखवून.