औषधांचा भाव आणि २००३ची एक पहाट

अमेरिकेत औषधं इतकी महाग का, असं पुण्याहून माझ्याकडे आलेली आत्या विचारत होती. मी तिला २२ नोव्हेंबर २००३ची पहाट सांगितली.

प्रतिनिधिगृहातलं मतदान एरवी पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. त्या दिवशी पहाटे तीनच्या सुमाराला सुरू झालेलं मतदान जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं, कारण मतं कमी पडत होती. एकेका सदस्याला गाठून मनवलं गेलं आणि २२० विरुद्ध २१५ने विधेयक पास झालं. ६५ वर्षांपुढच्या लोकांच्या मेडिकेअर या सरकारी विम्यात औषधांचा खर्च आला. ते हवंच होतं. पण त्याच कायद्यात एक कलम होतं: या योजनेसाठी सरकारने औषध कंपन्यांशी भाव ठरवायला बसायचं नाही. माजी सैनिकांसाठी हेच सरकार घासाघीस करून औषधं घेतं. कोट्यवधी म्हाताऱ्यांसाठी मात्र मनाई!

या कायद्याचे एक मुख्य शिल्पकार होते लुइझियानाचे खासदार बिली टॉझिन. जानेवारी २००५मध्ये ते औषध कंपन्यांच्या संघटनेचे, ‘फार्मा’चे प्रमुख झाले. पगार वर्षाला सुमारे वीस लाख डॉलर, असं तेव्हा छापून आलं होतं. यात बेकायदा काही नव्हतं, आणि माझा संताप नेमका त्यावरच आहे.

राजकारणातल्या पैशाचा विषय निघाला की सगळे सर्वोच्च न्यायालयाच्या ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यातल्या २०१०च्या निकालावर येतात. कंपन्यांना आणि कामगार संघटनांना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मुभा देणारा तो ५ विरुद्ध ४चा निकाल मलाही घातक वाटतो. पण वरची गोष्ट त्याच्या सात वर्षं आधीची आहे. निवडणुकीच्या देणग्यांची निदान नोंद होते. कायदा लिहिताना मनात असलेली पुढच्या नोकरीची आशा कुठल्या वहीत लिहायची?

ती मनाई मोडायला २०२२ उजाडलं, तीही मोजक्याच औषधांपुरती. पहिल्या दहा औषधांचे नवे भाव १ जानेवारी २०२६पासून लागू झाले. मेडिकेअरवाल्यांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडणार नाही, हेही ठरलं. खासगी विमा असलेल्यांनाही तीच मर्यादा लावायचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला, तेव्हा बाजूने ५७ मतं पडली आणि तो बारगळला.

आत्या म्हणाली, “अगं, शंभरातली सत्तावन्न म्हणजे बहुमतच की!”

तिथे साठ लागत होती, आत्या.