गाडी चालवता येते म्हणून टॅक्सी चालवता येत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. घरच्यांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, जुन्या एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) मित्रांकडून आणि शेवटी पुतण्याकडून. पुतण्याने खाली एक ओळ जोडली होती, ‘काका, हे खरं आहे का?’

मेसेज थोडक्यात असा. एका इंजिनिअरने कंटाळून नोकरी सोडली, कॅब घेतली आणि आता तो महिन्याला पाऊण लाख कमावतो. डोक्यावर साहेब नाही. गाडी चालवता येत असेल तर वेगळं काही शिकावं लागत नाही. पाच वर्षांत गाडी आपली. वेळ आपल्या हातात. आणि शेवटी, ‘लाज सोडा, स्टिअरिंग धरा!’

मी १४ वर्षं औषध कंपनीत एमआर होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये ती नोकरी सोडून मुंबईत टॅक्सीवर बसलो आणि अजून बसतो आहे. हा धंदा मला आवडतो, माझं घर त्यावर चालतं. म्हणूनच पीएफ मोडून गाडी बुक करायला निघालेल्या माणसाच्या हातात असा मेसेज पडला की मला गप्प बसवत नाही. एकेक दावा घेतो.

पाऊण लाख. आकडा खोटा नाही, पण तो धंद्याचा आहे. संध्याकाळी स्टँडवर आम्ही एकमेकांना ‘आज धंदा किती?’ असं विचारतो तेव्हा प्रवाशांनी दिलेले सगळे पैसे त्यात धरलेले असतात. घरी किती जातात ते वेगळं. गाडीच्या कर्जाचा हप्ता चालू असताना माझ्या वहीत जसा असायचा तसा एक बरा महिना आजच्या भावाने मांडतो. २६ दिवस, रोज ३,००० रुपये, म्हणजे ७८,०००. त्यातून भाडी देणाऱ्या ॲप कंपनीचा वाटा १५,६०० गेला. गाडी दिवसाला १८० किलोमीटर पळते, त्यात रिकामी धावही आली. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये एक किलो गॅसवर २२ किलोमीटर मिळाले तरी नशीब, आणि गॅस किलोला ८० रुपयांच्या आसपास. गॅसचे १७,००० झाले. हप्ता १३,५००. टायर, क्लच प्लेट, ऑइल, ब्रेक यांची महिन्याची सरासरी ४,०००. विमा, पासिंग, टॅक्स वर्षातून एकदा-दोनदा भरायचे, पण महिन्यावर पाडले तर आणखी ४,०००. चलान, पार्किंग, धुलाई, दोन फोनचे रिचार्ज यांचे १,९००. उरले २२,०००. दिवसाचे १२ तास धरले तर तासाला ७० रुपये. आणि यात आजारपण नाही, पंक्चर नाही, गावी जाऊन यायचे चार दिवस नाहीत.

मेसेजमधल्या इंजिनिअरच्या पगारातून पीएफ कापला जायचा आणि तेवढाच कंपनीही भरायची. ग्रॅच्युइटी होती, घरच्यांचा मेडिक्लेम होता. ते सगळं आता त्याने २२,००० मधून उभं करायचं आहे. हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

साहेब नाही, हे मलाही सुरुवातीला फार गोड वाटलं होतं. एमआर असताना महिनाअखेरीला एरिया मॅनेजरचा फोन वाजला की पोटात गोळा यायचा. आता फोन वाजतो तो भाड्याचा. पण भाडं कुठलं, किती लांबचं, किती पैशाचं हे मी ठरवत नाही. दोन-तीन नाकारली की पुढची येईनाशी होतात. एखाद्या प्रवाशाने रागाच्या भरात एक तारा दिला तर ॲपवरचा आयडी बंद पडू शकतो, आणि मग माझी बाजू ऐकायला समोर माणूस नसतो. मॅनेजरशी निदान भांडता यायचं.

नियम आहेत. केंद्राने २०२० मध्ये ॲप कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला आणि दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त लॉगिन नको, असं त्यात होतं. पण दोन फोनवर दोन ॲप लावून १५-१६ तास गाडीत काढणारे माझ्या ओळखीचेच पाच जण आहेत. हप्त्याची तारीख नियम बघून येत नाही. काळ्या-पिवळीचं भाडं निदान सरकार ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, पुढे किलोमीटरला २०.६६. आमच्या भाड्याचा आकडा सकाळी एक, दुपारी दुसरा. जुलै २०२५ मध्ये ॲपचे चालक गाड्या उभ्या करून आझाद मैदानात बसले होते, तेव्हा मुख्य मागणी हीच होती की आम्हालाही काळ्या-पिवळीएवढं भाडं द्या. ज्याला साहेब नाही तो मागण्या घेऊन मैदानात कशाला बसेल?

आता तो दावा, जो मला सगळ्यात जास्त लागतो. वेगळं काही शिकावं लागत नाही म्हणे.

गेल्या पावसाळ्यात सकाळी दादरला एक आजी-आजोबा बसले. कोल्हापूरच्या महालक्ष्मीने आलेले. आजोबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल छातीशी धरलेली. बुकिंग मुलाने घरून केलेलं, त्यात नुसतं ‘हॉस्पिटल, परळ’, आणि पिन पडलेली केईएमच्या फाटकावर. मी विचारलं, “आजोबा, केईएमलाच जायचंय ना?” ते म्हणाले, “टाटाला. आज तिची पहिली तपासणी.” नकाशा सरळ आंबेडकर रोडने जा म्हणत होता. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि भरतीची वेळ होती, म्हणजे हिंदमाताला पाणी असणारच. मी गाडी नायगाव-भोईवाड्यातून काढली. वाटेत विचारून घेतलं, आधीचे कागद कुठले आहेत, कोणत्या ब्लॉकला बोलावलंय. टाटाला मुख्य इमारत वेगळी, गोल्डन ज्युबिली वेगळी, होमी भाभा ब्लॉक वेगळा. चुकीच्या दारात उतरवलं तर त्या आजीला भर पावसात रस्ता ओलांडून चालावं लागलं असतं, आणि तिला गाडीतसुद्धा धड बसवत नव्हतं. दारात उतरवलं. आजोबांनी वरचे वीस रुपये पुढे केले, मी घेतले नाहीत.

यातलं गाडी चालवणं किती होतं? क्लच, गिअर, ब्रेक तर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिन्यात येतं. बाकीचं शहर अंगात मुरावं लागतं. लालबागला उतरायचं असताना चुकून पुलावर चढलात तर थेट भायखळ्याकडे जाऊनच खाली येता, आणि मागे बसलेल्याची गाडी चुकते. शीवचा जुना पूल १ ऑगस्ट २०२४ ला बंद झाला, प्रभादेवीचा १२ सप्टेंबर २०२५ ला. त्या दोन तारखांनी माझे निम्मे रस्ते बदलले. टिळक पूल कुठल्या वेळी टाळायचा आणि करी रोडवरून कधी जायचं, हे पुन्हा पहिल्यापासून शिकलो. लंडनमध्ये काळी कॅब चालवायची तर चेरिंग क्रॉसच्या सहा मैलांतले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करून परीक्षा द्यावी लागते आणि त्यात तीन-चार वर्षं जातात. आपल्याकडे तशी परीक्षा नाही, म्हणून ते ज्ञानही नाही असं लोक समजतात. ३०-३५ वर्षं फियाट चालवलेले जुने चालक माझ्याशी स्टँडवर बोलतात तेव्हा मी अजूनही उमेदवारीच करतोय असं वाटतं.

पाच वर्षांत गाडी आपली होते, हे खरं आहे. पण दिवसाला १८० किलोमीटर म्हणजे वर्षाला ५६,०००, पाच वर्षांत पावणेतीन लाखांच्या वर. ज्या महिन्यात हप्ता संपतो त्याच सुमाराला गाडी मोठं काम काढते. शिवाय हप्ता आपल्यासाठी थांबत नाही. मी गाडी घेतली आणि सहा महिन्यांत, मार्च २०२० मध्ये, सगळं बंद झालं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली. मला ती माफी वाटली होती. व्याज चालूच होतं, ते मुदलात मिळालं आणि कर्जाची मुदत लांबली. त्या महिन्यांत गाडी इमारतीखाली झाकून ठेवलेली असायची आणि मी रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन चालू करून बसायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. पगारदार शेजाऱ्यांचे पगार कापले गेले, माझा शून्यावर आला. हा फरक गाडी घेण्याआधी मला कोणी सांगितला नव्हता.

वेळेबद्दल एवढंच, की मी गाडीत पाणी मोजून पितो. मुंबईत गाडी लावून जाता येईल अशी मुतारी शोधण्यात एक भाडं जातं. डॉक्टरांनी दोनदा बजावलंय.

राहिली लाज. ‘लाज सोडा’ म्हणणाऱ्याने आधी या कामात लाज आहे असं गृहीत धरलंय. या शहरात एक काम सुटल्यावर दुसरं धरणं नवीन नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि ज्यांच्या गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत त्यांनी मिळेल ते काम धरलं. भाजीची गाडी, वॉचमनची नोकरी, टॅक्सीची पाळी. त्यांना कोणी प्रेरणादायी मेसेज पाठवला नव्हता. ते अंग मोडून काम करत होते आणि त्यात सोडण्यासारखी लाज नव्हती. माझ्याही कामात नाही. माझ्या मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय ‘टॅक्सीचालक’ असाच लिहिलेला आहे, अक्षर तिचं.

पुतण्याला मी फोनवर हे सगळं सांगितलं. तो ऐरोलीला कंपनीत आहे, रात्रपाळीने वैतागला आहे, आणि त्याचा वैताग खरा आहे. त्याला नको म्हटलं नाही. म्हटलं, पीएफला हात लावू नकोस, गाडी बुक करू नकोस. आधी तीन महिने सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याची गाडी पाळीवर चालव. शेठला द्यायचे ते देऊन खिशात काय राहतं ते रोज वहीत लिही. त्याआधी एक आख्खा दिवस माझ्या शेजारी बस.

सोमवारी तो रजा टाकून येतोय. पहाटे साडेचारला गॅसच्या रांगेपासून सुरुवात करायची, असं ठरलंय.